निळं दार

ऑक्टोबरात मी पाच नंबरची पाटी रंगवली.
जुन्या निळ्याचे पोपडे सुटले होते,
आणि खिडक्यांचा पिवळा अर्धा डबा उरला होता.
एवढंच कारण.

सासरे असते तर म्हणाले असते,
पोलोना, दारं काय शोभेची असतात?
पण ते होते तोवर मी पेट्यांपाशी गेलेच नाही.
मला सूज येते.

आमच्या गोरेन्स्कात मधाच्या पेट्या
कपाटातल्या खणांसारख्या रचतात.
बारा खण, बारा दारं, दारांवर चित्रं:
एकावर अस्वलं शिकाऱ्याची तिरडी वाहतात,
एकावर कोणी संत, नाक उडालेला.
पाच आणि सहा मात्र नुसते निळे.

मग बर्फ.
चार महिने त्या आत बिलगून, अंग थरथरवून
एकमेकींना ऊब देत राहिल्या.
लाकडाला कान लावला
की लांब कुठेतरी गिरणी चालू आहे असं वाटायचं.

फेब्रुवारीत एक दुपार बारा अंशांवर गेली.
बाहेर आल्या. पोटं हलकी केली.
बर्फावर पिवळे शिंतोडे.
आणि परतताना पाचच्या माश्या
माझ्या नव्याकोऱ्या पिवळ्यासमोरून निघून गेल्या,
सहाच्या निळ्यापुढे गर्दी करून राहिल्या.
सहाच्या पहारेकरणींनी त्यांना ढकललं.
काही खाली पडल्या
आणि पडल्या तिथेच गार झाल्या.

येर्नेय, शेजारचा, शाळेत जीवशास्त्र शिकवायचा.
कुंपणावरून म्हणाला,
पहिल्यांदा बाहेर पडते ना, तेव्हा ती उलटी उडते.
तोंड घराकडे, पाठ जगाकडे.
बघते, थोडं लांब जाते, पुन्हा बघते.
एकदाच बघितलेलं संध्याकाळपर्यंत पुसतं.
बघणं, थांबणं, बघणं, थांबणं,
त्या थांबण्यात ते मुरतं.
मग मरेपर्यंत जात नाही.
मी विचारलं, मेंदू केवढा?
मोहरीएवढा, तो म्हणाला. तोही नसेल.

मोहरीएवढ्या जागेत
चार महिन्यांच्या मिट्ट काळोखात
त्यांनी ऑक्टोबरातलं निळं सांभाळलं होतं,
जे मी एका सकाळीत
रेडिओ ऐकत
खरवडून टाकलं.

निळा रंग घरात नव्हता. दुकान सोमवारी उघडणार.
मी कमरेचा एप्रन सोडला,
फटीपुरता कातरला,
आणि चार टाचण्यांनी पिवळ्यावर ठोकला.
हात सुजला, तो सुजणारच होता.
पहिली आली. घोटाळली.
बंदाभोवती एक घिरटी मारली.
आत गेली.

सोमवारी रंग आणला. तो डबा अजून बंद आहे.
कारण एप्रिलपर्यंत त्या म्हाताऱ्या सगळ्या संपल्या,
आणि नव्या पोरी, ज्यांनी जुनं निळं कधी पाहिलंच नाही,
एके दुपारी बाहेर आल्या,
जगाकडे पाठ करून
माझा एप्रन बघत राहिल्या,
बंद, डाग, फाटका खिसा.
आता त्यांना तोच पाठ झालाय.

खिशात वाणसामानाची यादी राहिली आहे.
मीठ, यीस्ट, आणखी काहीतरी.
तिसरं काय होतं ते मला आठवत नाही,
आणि काढून बघायची सोय नाही.