एक आणि सात

फोल्के टोरांटोहून आली ती एका बॅगेत कपडे
आणि दुसरीत राउटर घेऊन.
चार काळी शिंगं, उताणा पडलेला खेकडाच.
म्हणाली, आजोबा, एका घरात दोन कारभारी नकोत.
जुन्या मोडेमला आता ब्रिज मोडवर टाकते.

म्हणजे काय करणार त्याचं?
काही नाही. तो फक्त ठरवायचं थांबवेल.
पत्ते वाटणार नाही, दार राखणार नाही,
तारेतून येईल ते जसंच्या तसं
पुढच्याच्या हातात देईल.

मी कपात खडीसाखर टाकली, वर गरम चहा ओतला.
ती तडकली.
आमच्या ईस्ट फ्रिजियात हा आवाज होतो तेव्हा
माणसं थोडा वेळ गप्प बसतात.
मला ते सोयीचंच झालं.

बेचाळीस वर्षं ओढल्या मी या तारा
लेअरच्या एक्स्चेंजपासून समुद्राच्या बांधापर्यंत,
गुडघाभर काळ्या चिखलात,
सोलायचा चाकू दातात धरून.
तांब्याच्या तारा नेहमी जोडीनं, पिळा घालून न्यायच्या.
पिळा सैल पडला की त्या
शेजारणीचं बोलणं ऐकत बसतात.
आमच्या घरात शिरते ती जोडी मीच जोडली,
रविवारी, पगाराशिवाय,
कारण हिल्केला तिच्या बहिणीशी बोलायचं होतं.

फोल्केनं पिवळी केबल लावली, पान उघडलं.
दोन्ही डबे एकच पत्ता सांगत होते,
एकाच आडनावाच्या दोन भावांसारखे
एका पत्रावर हक्क सांगत.
तिनं नव्याचा पत्ता बदलला, जुन्यावर एक खूण केली, जतन केलं.
डबा विझला.
मग एक दिवा लुकलुकला, लुकलुकून स्थिर झाला.
दुसरा, ‘इंटरनेट’ लिहिलेला, पेटलाच नाही.

बिघडला, मी म्हणालो.
नाही आजोबा, आता ते त्याचं काम नाही.

राउटरला पासवर्ड हवा होता.
कंपनीचं पत्र कधीच हरवलं;
हिल्केनं सगळं उतरवून ठेवलं होतं
चहाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलेल्या कागदावर.
फोल्केनं टाकला. ओळख पटली नाही.
पुन्हा टाकला. नाही.
तिसऱ्या वेळी तिनं तिकडची एक शिवी घातली,
माझ्यासमोर घालायची नव्हती अशी,
आणि मला ती कळली नाही असं मी दाखवलं.

काय टाकतेस, मोठ्यानं वाच.
सात, चार, सात, सात...
थांब. सात नाही तो. एक आहे.
तुझी आजी एकाला पायथ्यापासून रेघ चढवत न्यायची,
शिडी लावल्यासारखी.
मग सात कुठला?
ज्याच्या कमरेला पट्टा आहे तो.

तिनं झाकण खिडकीशी धरलं.
बोटानं एक रेघ खालून वर गिरवली, सावकाश,
आणि आणखी एकदा, गरज नसताना.
आजी गेली तेव्हा ही तिकडे परीक्षा देत होती.

या वेळी ओळख पटली.

रात्री वरच्या खोलीत ती आईशी बोलत होती.
हसली, मग बराच वेळ काही बोलली नाही.
मी खाली जुना पत्ता टाकून पाहिला.
डबा उत्तर देईना. हात लावला तर कोमट होता.
रस्त्याकडेला फायबरच्या केशरी नळ्या येऊन पडल्यात,
वसंतात खणणार म्हणे. खणोत.
आज तरी माझ्या लेकीचा आवाज
त्या रविवारच्या जोडीतूनच आला.

सकाळी फोल्के म्हणाली, कागदाचा फोटो काढून ठेवते.
काढ, म्हटलं.
पण झाकण आधी डब्यावर घाल.
उघड्या चहाला वास लागतो.