गालिचे झोडायचा दांडा

पहाटेचे पावणेपाच. हिल्ट्रुड कुबित्स
झोप येत नाही म्हणून खिडकीत.
समोर चौदा नंबरची इमारत होती.
कोळशाच्या खाणी मिटल्या, पोरं पश्चिमेला गेली,
मग यंत्रं आली आणि अकरा मजल्यांची
लांडगेतोड केली तीन आठवड्यांत.
कुणाच्या तरी न्हाणीघराच्या निळ्या फरश्या
कितीतरी दिवस उघड्यावर दिसत होत्या.

आता तिथं बर्चची झाडं, न लावलेली.
आणि एक लोखंडी दांडा तेवढा राहिलाय
ज्यावर दर शनिवारी सगळ्याजणी गालिचे झोडायच्या.
रेगीना सगळ्यांत जोरात,
नवऱ्याचं नाव घेऊन.

त्या दांड्यापाशी तो उभा.
कुत्रा नव्हे. कुत्रा कुणाचा तरी असतो,
वळून बघतो.
हा बघत नाही.
दांडा हुंगतो, तंगडी वर करतो
सावकाश,
सातबाऱ्यावर नाव चढवून घ्यावं तसा,
आणि जिना होता त्याच जागेवरून
पायऱ्या न मोजता निघून जातो.

तिनं श्टुटगार्टला फोन लावला.
लांडगा आला, म्हणाली.
पोरगा हसलाही नाही.
गोळ्या वेळेवर घेतेस ना? खिडकी लावून घे.

खिडकी तिनं लावली नाही.
इथं राहायला आलेलं कुणी
किती वर्षांनी दिसत होतं.

नऊ वाजता झोपायच्या खोलीतला गालिचा
खांद्यावर टाकून ती खाली उतरली,
एकेक पायरी, कठड्याला धरून.

शनिवार नव्हता.