खांद्यावरची बोटं

दिवसभर मी माणसांचे कान मोजतो.
सीपीआर कार्डासाठी, व्हिसासाठी.
हनुवटी वर. चष्मा काढा. हसू नका.
मनामाच्या जुन्या बाजारात, शिंप्याच्या वर,
कुंजाम्मदचा स्टुडिओ: एक पांढरी भिंत, एक स्टूल,
आणि दोरीला बांधलेला कंगवा.

तान्ही बाळं कठीण.
आई पांढऱ्या चादरीमागे लपते, मागून मान धरते.
नंतर मी तिची बोटं पुसतो.
अर्ध्या मिनिटाचं काम.

रात्री दहाला शटर अर्धं खाली, मग जुने फोटो.
बुरशी, घड्या, डोळ्यावर पडलेला चहा.
एक बाई म्हणाली, माझ्या बापाला बिश्त घाल,
जन्मभर मोत्यांसाठी बुडी मारली, अंगावर कधी धड कापड नाही.
मी घातला. सोनेरी काठाचा.
ती रडली, आणि तीन दिनार जास्त देऊन गेली.
तेव्हा खऱ्याखोट्याचं मला कोणी सांगू नये.

पणजोबांचा फोटो मावसभावाच्या बॅगेतून आला,
सोलांच्या पिशवीला चिकटून.
एका कोपऱ्याला अजून आंबट वास.
विश्राम तांडेल, मुक्काम तळाशील.
गलबतात कौलं भरून जायचे, खजूर घेऊन यायचे.
पहिल्या खेपेला आले.
दुसऱ्या खेपेला आले.
तिसऱ्या खेपेला फोटो आला.

मागे शिक्का. कुंजाम्मदने भिंग लावून वाचला:
बहरैन. हिजरी तेराशे पन्नास-काहीतरी,
शेवटचा आकडा झुरळाने नेला.
मी दोन शुक्रवार घालवले.
बंदरावरच्या एका म्हाताऱ्या कारकुनाने वही दाखवली,
तिच्यात अकरा तांडेल.
हसून म्हणाला, हे नाव नाही रे, हा हुद्दा.
गलबतावर जो हाकारे घालायचा तो तांडेल.
आमचं आडनाव इथे
कुणाचंही होतं.

फोटो डावीकडून कापलेला. कात्रीने, सरळ.
कोणी कापला ते घरात कोणी बोलत नाही,
पण पणजीची कात्री अजून आहे, सुपारीच्या डब्यात.
कापणारीला एक गोष्ट जमली नाही:
पणजोबांच्या खांद्यावर चार बोटं राहिली.
बारीक. नखं काळी.
मेंदी काळ्यापांढऱ्यात काळीच दिसते.

आईचा आवाज आला फोनवर:
"ती बोटां तेवडी काढ रे झिला,
मगे फ्रेम करून भिंतीर लावतंय."

अर्ध्या मिनिटाचं काम.
सदऱ्याचा तुकडा उचलायचा, बोटांवर ठेवायचा, कड मऊ करायची.
मी फोटो मोठा केला. आणखी मोठा.
मांडीवरचे हात हललेत, त्यांचं धुकं झालंय.
धोतराचा काठ हललाय.
पायाशी बहुधा मांजर होतं, त्याची नुसती रेघ उरलीय.
तेव्हा भिंग दोन-तीन श्वास उघडं राहायचं,
आणि तांडेल माणूस, पायाखाली जमीन असली
की जास्तच डुलणार.

पण खांदा हललेला नाही.
बोटांखाली सदऱ्याला चुणी पडलीय, इतकी दाबलेली.
आणि म्हणून चेहरा स्वच्छ.
उजव्या भुवईतला तुटका केस,
वरच्या ओठावरचा व्रण,
माझं नाक.
आम्हाला जेवढा पणजोबा मिळाला
तेवढा तिने धरून ठेवला होता.

बुरशी काढली. घडी भरली.
कापलेली कड तशीच ठेवली.
बोटांवरची धूळ मात्र पुसली, एकेका नखावरची,
आणि फोटो आईला पाठवला. वर लिहिलं:
हिने धरलं म्हणून ते दिसतायत.

दोन निळ्या खुणा. मग काही नाही.
शटर पूर्ण खाली ओढलं, घरी आलो, झोपलो.

पहाटे, तिकडे नळाला पाणी येतं त्या वेळी,
उत्तर आलं.
रागवली असेल म्हणून मी जरा वेळ उघडलं नाही.

"तिचां नाव काय होतां रे?"