पोच

रुवैसच्या कुंपणापलीकडे पाण्याच्या अकरा टाक्या,
प्रत्येकीच्या माथ्यावर काडेपेटीएवढा रेडिओ.
मी खाली वाळूत. मांडीवर लॅपटॉप,
त्याच्या पाठीला ओला फडका.
पहाटे साडेपाचलाच चष्मा वाफेनं आंधळा.

बोलण्याचे मोड दोन.
एक सरळ, तारेसारखा:
इकडून ओताल ते तिकडे पडतं.
नाव नाही, गाव नाही,
कुणी ऐकलं का, विचारायचं नाही.
दुसऱ्यात शब्दाशब्दाला लिफाफा:
कुणाकडून, कुणाला, अक्षरं किती,
शेवटी बेरीज, वाटेत काही सांडलं का बघायला.
मग पोचेची वाट पाहणं.

सजीश म्हणतो, सरळ ठेव रे,
विचारायचंय काय, पाणी किती एवढंच ना?
लिफाफे चिकटवत बसलास
तर या बॅटऱ्या ऑगस्ट बघायच्या नाहीत.

खोटं नाही त्याचं.
पण मंगळवारी चार आणि सात लागोपाठ बोलल्या,
कुणाचा आकडा कुणाचा, कळेना.
सात कोरडी पडली,
आणि छावणीत तीनशे माणसं
अंगाला साबण लावून उभी.

याला काही पोच नाही, आत्या म्हणायची माझ्याबद्दल.
आता पोच हाच माझा धंदा.
आणि इतकं कळलंय की
पोच आली म्हणजे पोचलं, एवढंच.
समजलं, असं नव्हे.
कुडाळला बाबा हल्ली प्रत्येक वाक्याला हां म्हणतात.
परवा विचारलं, ओळखलंत का, कोण बोलतोय?
हां.

शेवटी टाक्यांना सरळच बोलू दिलं.
त्यांनी फक्त आकडा सांगायचा आणि झोपायचं.
लिफाफा वाचायला बसवलं मधल्या एकट्या रेडिओला,
कोण बोललं ते ऐकणाऱ्यानं ओळखावं म्हणून.
खमीसनं वर चढून सातचा अँटेना घट्ट केला,
उतरताना म्हणाला, यल्ला, चहा.

सात वाजता नऊ नंबर बोलली: बासष्ट टक्के.
नावासकट आली. वहीत लिहिलं.
तिकडे साडेआठ. बाबांची पेज झाली असेल.
फोन लावला. हॅलोच्या आधी नाव सांगितलं,
मग गाव, मग कितवा मुलगा ते.

हां, म्हणाले.
बराच वेळ नुसती खरखर.
मग म्हणाले, पाणी आलं का तिकडे?

हे ते दूधवाल्यालाही विचारतात.