जमिनीचा प्रकार

एक-चौदाच्या उताऱ्यावर
म्हाळूच्या सड्यासमोर एकच शब्द आहे: पड.
तलाठ्याने तो इतक्या सुबक अक्षरात लिहिलाय
की त्याखाली कुणी राहत असेल
असं वाटतच नाही.

सडा म्हणजे वाळपईहून पाऊण तास,
शेवटची काजूबाग मागे पडली
की जांभ्याची उघडी, काळी पाठ.
एप्रिलात चपलेतून चटका बसतो.
आई फोनवर विचारते, आज कुठे?
मी म्हणते, सड्यावर.
तिच्या लेखी सडा शेणाचा, नाहीतर पारिजाताचा.
'आणि माणसांत तू, सडी,' म्हणते,
आणि रेंज जाते.

माझ्याकडे लाकडाची चौकट आहे, मीटर बाय मीटर.
ती टाकायची, गुडघे टेकायचे,
आत असेल ते मोजायचं.
कुसळीगवत, एकेचाळीस काड्या.
सुकलेलं शेण, त्याखाली विंचवाचं पिल्लू.
कोल्ह्याची विष्ठा, तीत करवंदाच्या बिया.
आणि माळटिटवीची अंडी चार,
टोकं आत वळवलेली,
इतकी खड्यांसारखी
की तीनदा त्यांच्यावर पाय पडता पडता मी वाचले.
मी वाचले, असंच लिहिलंय वहीत.

पहिल्या वर्षी मी कुंपण घातलं.
वीस बाय वीस, काटेरी तार.
प्रस्तावात शब्द होता 'चराईचा ताण'.
धाकू वरक काठीवर हनुवटी टेकून बघत राहिली
आणि तिच्या अकरा म्हशी तारेला नाक लावून,
जणू आत लग्न आहे
आणि मी त्यांना बोलावलं नाही.

दोन पावसाळे गेले.
आत गवत कमरेला लागलं,
श्रावणात सीतेची आसवं त्याखाली कुठे दडली ते दिसेना.
फोटो मात्र सुंदर आले.
टिटवीची घरटी: तारेबाहेर नऊ,
आत शून्य.
ते शून्य मी तीनदा तपासलं,
मग आठवडाभर कुणाला सांगितलं नाही.

'तुझ्या गवतात पाखराला सोताचे पाय दिसत नाय,'
धाकू म्हणाली,
'कोल्हा काय दिसतलो?'

मग तिने मला लोळण दाखवली,
सड्याच्या उतरणीला,
म्हशींनी कूस घासून घासून
मे महिन्यातही ओला राखलेला परातभर चिखल.
आम्ही करवंदीच्या जाळीआड बसलो.
भर दुपारी टिटवी आली,
पोट बुडवलं,
आणि तशीच ओल्या पोटाने
तापलेल्या दगडावरून चालत गेली,
ताप चढलेल्या पोराच्या कपाळावर
घडी ठेवायला जावं तशी,
आणि अंड्यांवर बसली.
बारा वाजून सतरा मिनिटं.
अक्षर हललंय तिथे.

तार मी स्वतः काढली. तळहातावर व्रण आहे.
खांब धाकूने गोठ्याला नेले.
चौकोन काही दिवस ओळखू यायचा,
मग म्हशींनी तो खाऊन टाकला.

अहवालात मी लिहिलं, म्हशी राहू द्याव्यात.
पणजीहून विचारणा आली, याला आधार?
मी उत्तर दिलं: वरक, धाकू. तोंडी. शिवाय नऊ आणि शून्य.
त्यावर अजून काही आलेलं नाही.

आज सकाळी सड्यावर चुन्याचे फटके दिसले,
चिरेखाणीच्या बाजूने,
सरळ, दोरी लावून मारलेले.
एक फटका लोळणीतून गेलाय,
तिथला चुना म्हशींनी पुसून टाकलाय.
माझ्या पिशवीत नवा अर्ज आहे,
'जमिनीचा प्रकार' हा रकाना त्यात दोन बोटांचा,
पड बरोबर मावतो.

पेन उघडलं नाही अजून.
खाली बघत चाललेय, पाऊल पाऊल.
हा खडा.
हाही खडा.
हा
पाय मागे घेतला.