दोन वाजता येणारी लाट

हादरा तसा किरकोळच होता.
कपाटातल्या खोकल्याच्या बाटल्या एकमेकींना टेकल्या, किणकिणल्या
आणि गप्प झाल्या.
पण नऊच्या सुमारास फोनात एक आवाज आला,
बाईचा, धापा टाकणारा:
"माझा भाऊ बंदराच्या कचेरीत आहे.
दोन वाजता लाट येणार. सांगायला बंदी आहे. तुम्ही निघा."

सांगायला बंदी आहे म्हटल्यावर
साडेनऊपर्यंत साऱ्या गावाला सांगून झालं.

चिलोए बेटाच्या या काठावर घरं खांबांवर उभी,
भरतीच्या पाण्यात पाय सोडून बसल्यासारखी.
त्या घरांतून माणसं निघाली टेकडीकडे:
ओतिलिया कार्कामो, कोंबड्या पोत्यात घालून;
बारिआंचे दोघे भाऊ, वेगवेगळ्या वाटांनी,
चार हात कुंपणावरून अकरा वर्षांचा अबोला;
आणि सगळ्यांच्या पुढे म्हातारा मियालोंको,
ज्यानं साठ साली समुद्र मागे सरकताना पाहिला,
उघड्या चिखलावर तडफडणारे मासे
आणि ते वेचायला धावलेली त्याची मावशी.
"तुझा फोन काय म्हणतो ते मागाहून," तो मला म्हणाला,
"आधी चढ."

चढले. दुकानाची किल्ली कमरेला,
फोनमध्ये एकोणीस टक्के जीव.
टेकडीवर रेंज येते ती फक्त पाण्याच्या टाकीपाशी,
तीही डाव्या अंगाला, हात वर केला तर.
तिथं उभी राहून विचारत गेले.

आधी घाबरल्यासारखं: लाट आज रात्री.
त्यानं जगभरच्या लाटा माझ्या ओंजळीत ओतल्या.
मग जरा सावरून: नौदलाचं पान.
उघडायला सात मिनिटं.
आजची तारीख, हादऱ्याची वेळ
आणि एक कोरडी ओळ, धोका नाही.
इतकी कोरडी की विश्वास बसेना.
बाईचा आवाज कसा ओला होता.

म्हणून मग तिचंच वाक्य टाकलं, जसंच्या तसं.
सापडली.
तीन वर्षांपूर्वी, दुसऱ्या देशात, दुसऱ्या बंदरात,
त्याच धापा, तोच भाऊ,
मागे तेच कुत्रं भुंकणारं.
मी त्या कुत्र्यावरून ओळखलं. चारदा ऐकलं कानाला लावून.
गावाचं नाव तिनं घेतलंच नव्हतं कधी,
आपलं आपणच ऐकलं होतं.

साडेबारा. सहा टक्के.
सांगायला वळले.

शेकोटी पेटली होती, राखेत जांभळे बटाटे.
थोरला बारिआ धाकट्याला म्हणत होता,
"हे टोक घे घोंगडीचं, तिकडून वारा येतो."
धाकटा काही बोलला नाही. टोक घेतलं.

जिभेवरचं मी गिळलं.
बटाटे होईपर्यंत, म्हटलं. बटाटे होईपर्यंतच.

तेवढ्यात खाली, उशिरा चढणाऱ्या रोसामेलची काठी
ओल्या दगडावरून सटकली.
घोटा मोडल्याचा आवाज
अजून कधीमधी येतो, बँडेजची गुंडाळी मोजताना.
बटाटे अर्धे कच्चे होते.

तेव्हा सांगितलं. कुणी हसलं,
कुणी त्या बाईच्या सात पिढ्या काढल्या.
मियालोंको म्हणाला, "आज नाही आली. बरं."
आणि उतरला नाही. उजाडेपर्यंत
समुद्राकडे तोंड करून बसून राहिला.

सकाळी फोन जिवंत केला.
रात्री काय काय शोधलं त्याची यादी, खालून वर वाचली:
लाट आज रात्री
लाट किती वेगानं येते
कोंबड्यांना अंधारात दिसतं का
नौदल
भाऊ बंदराच्या कचेरीत
घोटा मोडल्यास काय करू नये
खरं कळल्यावर किती वेळात सांगावं

शेवटचं कधी लिहिलं आठवेना.
पान अर्धं उघडून तसंच राहिलेलं.
ती ओळ पुसली. दुकान उघडलं.
पहिलं गिऱ्हाईक ओतिलिया, हातात रिकामं पोतं:
एक कोंबडी कमी भरतेय,
जरा फोनात बघून सांगतेस का?