सोक अप

फळ्यावर दोनच शब्द लिहिले: सोक अप.
खाली मराठीत, शोषून घेणे.
फेब्रुवारी सरत आलेला, वर्गावरचे कवेलू तापू लागलेले,
खिडकीबाहेरून पऱ्हाट्यांनी भरलेली बंडी
करकरत गेली, तिकडेच निम्मी सातवी गेली.

क्रिश टेकाम उभा राहिला,
विचारायला नव्हे, भांडायला.
"सर, पानी त खाली जाते.
काळीत गेलं, खालीच गेलं.
मंग हे अप काहून?"

बी.एड.ला हे कुणी विचारलं नव्हतं.
"इंग्रजीत असतंच तसं,"
चोवीस वर्षं हेच सांगत आलोय,
तेच ओठांवर आलं
आणि का कोण जाणे, अडलं.

हजेरीशेजारी शिक्क्याच्या शाईची बाटली होती.
टेबलावर एक थेंब सांडला, मुद्दाम,
त्यात खडू उभा केला.
जांभळं वर चढू लागलं.
घाई नाही, आवाज नाही,
अंगात ताप चढावा तसं.
पोरं बाकांवर चढली.
क्रिशनं पेराने मोजलं, दोनदा.
"हां. मंग अप बरोबर हाय,"
म्हणाला, आणि बसला,
इंग्रजीला माफी दिल्यासारखा.

मग मी मोकाट सुटलो.
जमिनीत जिरतं, लोणच्यात मुरतं,
अंगात भिनतं, भिंतीत झिरपतं,
आपल्याकडे प्रत्येकाला वेगळा शब्द,
त्यांच्याकडे एकच, पण पोट मोठं.
जिरतं म्हणताच मागच्या बाकावर
कुणीतरी कुणाची तरी जिरवून दाखवली.
थंडीत पारावरचे बुढे ऊन खातात ना,
तेही त्यांच्याकडे सोक अप.
"पेतेत का ते ऊन?"
पितात. आपण खातो.
ऊन खातो, हवा खातो,
"मार खातो," वंश म्हणाला,
आणि वर्ग हसला.
मीही हसलो.

वाक्यात उपयोग करा, असं सांगून
वह्या घरी नेल्या.
द स्पंज सोक्स अप वॉटर. बत्तीस वेळा.
एकमेकांच्या वहीतून टिपून घेतलेलं,
तेही एका अर्थी बरोबरच.
तेहतिसावी आचल वाघाडेची:
माय मदर सोक्स अप माय फादर.

लाल पेन उघडं धरून बसलो.
कर्म चुकलंय म्हणावं?
राग, आवाज, दारू, यांपैकी काही
मध्ये राहून गेलंय म्हणावं?
शेवटी खूण केली नाही,
चुकीची नाही, बरोबरची नाही.
पेन टेकवलं होतं तिथे मात्र
कागदानं लाल ठिपका पिऊन घेतला,
मागच्या पानापर्यंत.

रविवारी आचलची माय माठ घेऊन आली.
डोक्यावरची चुंबळ काढली, घाम पुसला,
माठावर टिचकी मारून आवाज ऐकवला.
डाव्या मनगटाकडे मी पाहिलं,
तिने पदर ओढला.
पोरगी हुशार आहे, म्हणालो.
दुसरं काय म्हणणार होतो?
"दोन रात पेऊ द्या त्याले," ती म्हणाली,
"नवा हाय. आंधी सोताच पेते सारं.
मंग पाहा कसं थंड देते पानी."
पैसे मोजून घेतले, वीस परत दिले.
कमी सांगितले होते म्हणे, तेवढेच घेणार.

रात्री उठून पाहिलं.
काठोकाठ भरलेला, चार बोटं उतरलेला.
खाली फरशी कोरडी.
बाहेरच्या अंगावर हात फिरवला,
तर नुसती ओल,
थेंब अजून नाही.

सोमवारी घाईत खिशातून
तोच जांभळा खडू निघाला.
तारीख लिहायला गेलो
तर फळ्यावर काही उमटेना.
"सर, तो वाला हाय अजून," क्रिश म्हणाला,
"राहू द्या खिडकीत. वाळला की लिहीन."
पहिल्या बाकावर आचल
कंपासपेटी उघडत होती, मिटत होती.
खिडकीत ठेवला.
दुसरा खडू मागायला
ऑफिसात जायला हवं होतं,
मी थोडा वेळ तसाच उभा राहिलो.